मध्य महाराष्ट्र म्हणजे सोलापूर नव्हे: हवामानाच्या भाकितांचं परीक्षण

सोलापुरात हवामानाच्या भाकितावर विसंबणारा माणूस भोळा ठरतो. 'अतिवृष्टीचा इशारा आलाय, म्हणजे आज गोधड्या धुवायला हरकत नाही' हा इथला जुना विनोद. मोठ्या भाकितांनाही हाच न्याय लागतो. शतकाच्या अखेरीस तापमान अमुक अंशांनी वाढणार असं कुणी म्हणालं, की लगेच उत्तर तयार असतं: उद्याचं सांगता येईना, ऐंशी वर्षांनंतरचं काय सांगताय? प्रश्न अगदी रास्त आहे. पण या एका प्रश्नात चार-पाच वेगवेगळ्या सेवा एकाच पोत्यात भरल्या जातात. तीन तासांचा इशारा, पाच दिवसांचा अंदाज, मान्सूनचं दीर्घकालीन अनुमान आणि हवामानबदलाचं शतकी भाकीत यांचे कारखाने वेगळे आहेत, चुकण्याच्या जागाही वेगळ्या. म्हणून प्रत्येक सेवा वेगळी तपासावी लागते. सोलापूर शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे परीक्षण.

पहिली तक्रार सर्वांत जुनी आणि तिचं मूळ नकाशात आहे. हवामान खात्याच्या विभागणीत सोलापूर 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतं. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगलीही त्यातच. एका टोकाला महाबळेश्वरचा घाट, दुसऱ्या टोकाला मंगळवेढ्याचं काळं शिवार. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' या वाक्याचा जुलैमधला अर्थ बहुतेक वेळा घाटमाथा असतो. बातमीत मात्र जिल्ह्याचं नाव नसतं आणि सोलापूरकर आभाळाकडे बघत बसतो. जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सर्वांत ओला महिना जुलै नसून सप्टेंबर. त्यामुळे जुलैतल्या विभागीय इशाऱ्यांवरून सेवेला गुण द्यायला बसलात, तर ती नापास होणारच.

यातला 'तुरळक' हा शब्द सैल नाही, त्याला माप आहे. विभागातल्या पाऊस नोंदणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ टक्के म्हणजे बऱ्याच ठिकाणी आणि त्याच्या वर जवळपास सर्वत्र. 'तुरळक ठिकाणी' असा अंदाज असताना आपल्या गावात पाऊस पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. चारातली तीन केंद्रं कोरडी राहणार हे त्यात आधीच सांगितलेलं असतं. पावसाच्या जोराचंही तसंच. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस. एकच शब्द हवामान खातं, तहसील आणि वृत्तवाहिनी तीन अर्थांनी वापरतात, आणि गोंधळाचं खापर फुटतं ते अंदाजावर.

रंगांचंही स्पष्ट सांगायला हवं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग केवळ किती मिलिमीटर पाऊस पडेल यावर ठरत नाहीत. परिणाम काय होईल आणि तो होण्याची शक्यता किती, असं दोन्ही बघून ठरतात. पिवळा रंग पावसाळ्यात इतक्या वेळा येतो की त्याची किंमत उतरली आहे. खात्याची अडचण समजते, कारण इशारा दिला नाही आणि माणसं गेली तर जाब विचारला जातो, इशारा दिला आणि काही घडलं नाही तर फक्त हसू होतं. पण त्यामुळे लाल रंगाकडेही लोक पिवळ्याच्या नजरेने बघू लागतात, आणि हा तोटा लहान नाही. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्यावर आलेली कमी दाबाची प्रणाली सोलापूरवरून गेली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने माढा, मोहोळकडची गावं पाण्याखाली घातली. सोलापूरला खरा धोका या दिशेने येतो: पूर्वेकडून, सप्टेंबर-ऑक्टोबरात, कमी दाबाच्या पट्ट्यासोबत. या दोन महिन्यांतला नारंगी इशारा जुलैतल्या दहा पिवळ्यांपेक्षा जड मानावा.

आता हातातल्या सेवा.

'मेघदूत' ॲप २०१९ मध्ये आलं. हवामान खातं, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि कृषी संशोधन परिषद यांनी मिळून केलेलं. मोबाईल क्रमांक टाकून नोंदणी, भाषा मराठी, जिल्हा सोलापूर, एवढ्यावर काम होतं. पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि ढग. ढगांच्या रकान्यातला आकडा बघून बरेच जण गोंधळतात. तो टक्का नसतो, आभाळाचे आठ भाग धरून त्यातले किती झाकलेले ते असतं. ७ म्हणजे आभाळ जवळपास भरलेलं, १ म्हणजे जवळपास निरभ्र. कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो. त्यामुळे गुरुवारी दुपारी वाचलेला सल्ला दोन दिवस शिळा असतो. फवारणी ठरवताना आधी तारीख बघावी.

मेघदूतचं बलस्थान तापमान, आर्द्रता आणि वारा. पावसाच्या आकड्यात ते कमी पडतं, आणि कारण साधं आहे. अंदाजाचं मॉडेल पृथ्वीवर चौकोनी जाळी टाकून प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतं. भारताचं जुनं जागतिक मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकोनांचं होतं. मे २०२५ मध्ये आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरवर उतरली. वळवाचा एक ढग मात्र तीन-चार किलोमीटरचा असतो. होटगीत धो धो आणि कुंभारीत धूळ, हे सोलापूरला नवं नाही. तो ढग मॉडेलच्या जाळीतून निसटतो. म्हणून 'उद्या ८ मिमी' याचा अर्थ आपल्या रानात ८ मिमी असा घेऊ नये, आजूबाजूच्या पट्ट्याची ती सरासरी आहे. कुठे ३० पडेल, कुठे थेंबही नाही.

डाळिंब आणि द्राक्षवाल्यांना ही सेवा खरोखर कामाची आहे, पण पावसाच्या रकान्याइतकंच लक्ष आर्द्रता आणि वाऱ्यावर हवं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर जातात. त्यामुळे पावसासोबत जोराचा वारा दाखवत असेल, तर सर येण्याआधीची फवारणी महत्त्वाची आणि सर पडत असताना बागेत छाटणी नको. द्राक्षात फळछाटणीनंतर घड फुलोऱ्यात असताना दमट, ढगाळ हवा आणि रात्रभर ओलं राहिलेलं पान म्हणजे डाऊनी या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण. तिथे '२ मिमी' दिसणारा अंदाजही '२० मिमी'इतकाच गंभीर घ्यावा. फवारणीसाठी वारा ताशी १० किलोमीटरच्या आत असलेला वेळ पकडावा. सकाळी सहा ते नऊ हा पट्टा बहुतेक दिवस मिळतो.

पेरणीबाबत एकच आग्रह. ७५ ते १०० मिमी पाऊस जमिनीत मुरल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला कोणत्याही ॲपपेक्षा वरचा आहे. जूनमधल्या पहिल्या ३० मिलिमीटरवर तिफण घालणारा शेतकरी अंदाजामुळे फसत नाही, घाईमुळे फसतो. पण २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली, त्यामागचा संतापही समजून घ्यायला हवा. 'यंदा पाऊस चांगला' हे वाक्य त्यांनी आपल्या तालुक्यासाठी ऐकलं होतं. खात्याने ते देशासाठी म्हटलं होतं.

'दामिनी' हे विजेचं ॲप, आणि या सगळ्या यादीत सर्वांत प्रामाणिक. विजा टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर ते चालतं आणि २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सूचना देतं. हे भाकीत कमी आणि पाहणी जास्त, म्हणून भरवसाही जास्त. घोळ होतो तो फोनमध्ये. लोकेशन 'फक्त ॲप उघडं असताना' यावर ठेवलेलं, बॅटरी बचत चालू, रानात रेंज नाही, आणि मग 'वाजलंच नाही' अशी तक्रार. लोकेशन 'नेहमी' करा आणि बॅटरीच्या बंधनातून ॲप वगळा. रेंज नसेल तर चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर झाडाखालून निघा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबा. एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस या दोन काळांत हे ॲप फोनमध्ये असलंच पाहिजे.

'विंडी' आणि तत्सम खासगी ॲप्सवर सोलापुरात हल्ली बराच भरवसा आहे. चित्र देखणं असतं हे खरं. तिथे युरोपचं ९ किलोमीटरचं मॉडेल आणि अमेरिकेचं त्याहून मोठ्या चौकोनांचं मॉडेल शेजारी ठेवून बघता येतात, आणि याचा खरा उपयोग वेगळाच आहे. दोन्ही मॉडेल्स एकच गोष्ट सांगत असतील तर भरवसा वाढवा. एक ४० मिमी आणि दुसरं २ मिमी दाखवत असेल, तर अंदाज 'माहीत नाही' असा आहे. आपल्याला आवडणारा आकडा उचलण्याची ती जागा नव्हे. सातव्या-आठव्या दिवसाचा पावसाचा आकडा तर बघूच नये. रंगीत नकाशा पंधरा दिवस पुढचा दाखवतो म्हणून तो पंधरा दिवस पुढचा खरा होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'अभ्यासक' या परीक्षणात बसत नाहीत, कारण त्यांचा हिशेब ठेवता येत नाही. '१२ ते २० दरम्यान राज्यात भाग बदलत पाऊस' हे वाक्य पावसाळ्यात चुकूच शकत नाही. जे चुकू शकत नाही त्याला अंदाज म्हणायचं कशाला? याउलट सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेतली भाकणूक बघा. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरं मांडून वर्षाचं भविष्य बघतात. ती परंपरेची, श्रद्धेची बाब आहे. तिच्याकडे टक्केवारी कुणी मागत नाही आणि मागूही नये. खात्याचा अंदाज मात्र करदात्याच्या पैशाचा, त्याच्याकडे हिशेब मागायलाच हवा.

तो हिशेब घरी ठेवता येतो. पर्जन्यमापक घ्या, किंवा सरळ भिंतींचं, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचं भांडं ठेवा आणि पट्टीने मिलिमीटर मोजा. बादली चालत नाही, ती वर रुंद असते आणि आकडा फुगवते. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडून ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजून भांडं रिकामं करा, कारण खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. बऱ्याच तक्रारी याच वेळेच्या घोळातून येतात. मंगळवारी पहाटे पडलेला पाऊस मंगळवार सकाळच्या नोंदीत येतो, पण बातमीत तो 'गेल्या २४ तासांत' म्हणून सोमवारचा वाटतो. वहीत चार रकाने करा: सांगितला आणि पडला, सांगितला पण पडला नाही, नाही सांगितला तरी पडला, नाही सांगितला आणि नाही पडला. मोसम संपल्यावर शेवटचा रकाना बाजूला ठेवून पहिले तीनच बघा. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात 'पाऊस नाही' असं रोज म्हणणारा पोपटसुद्धा शेवटच्या रकान्यावर पहिला येईल. '६० टक्के शक्यता' असली की एका दिवसावरून निवाडा नको. असे दहा दिवस घ्या, त्यात सहाच्या आसपास पावसाचे निघाले तर अंदाज बरोबर. दहाच्या दहा दिवस पाऊस पडला, तर तो अंदाजही चुकलाच.

महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांचे आकडे 'महावेध' प्रकल्पातून येतात आणि कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळाचा पाऊस बघता येतो. पीकविमा आणि पंचनामा दोन्ही याच आकड्यांवर अडतात, त्यामुळे आपल्या वहीची ताडणी याच्याशी करावी. केंद्र झाडाच्या आडोशाला असेल किंवा मापकाच्या नरसाळ्यात पाला अडकला असेल तर आकडा कमीच येणार. दोन-तीन मोठ्या सरींना सतत मोठी तफावत दिसली, तर जागेचा फोटो आणि वहीची पानं जोडून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही.

उन्हाळ्याकडे वळू. 'गाडीच्या पडद्यावर ४७, खातं म्हणतं ४३, लपवतायत' ही सोलापूरची लाडकी शंका. लपवत कुणी नाही. खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, सावलीत आणि खेळत्या हवेत असतो. तो हवेचं तापमान मोजतो. गाडीचा संवेदक तापलेल्या डांबरापासून दोन हातांवर, इंजिनाशेजारी असतो. फोनवरचं 'जाणवतं इतकं' हा आकडा आर्द्रता आणि वारा मिसळून काढलेला. तिन्ही खरे, पण तीन वेगळ्या गोष्टींचे.

खरी खोट दुसरीकडे आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त लागतं, किंवा थेट ४५. मे महिन्यात सोलापूरची सरासरीच चाळिशीच्या घरात. म्हणजे ४३ अंशांत पत्र्याखालच्या मागावर दिवसभर चादर विणणारा कामगार खात्याच्या व्याख्येत लाटेत नाहीच. त्यातही उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष भरावा लागतो आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते. इशारा आला नाही म्हणून धोका नाही, हे गणित इथे चालत नाही. यंत्रमागवाल्यांनी आणि विडी कामगारांनी लाटेच्या घोषणेची वाट न बघता मेघदूतमधलं किमान तापमान बघावं. रात्रीचा पारा २८ च्या खाली उतरत नसेल, तर अंगातली कालची उष्णता निघालेली नसते आणि दुसरा दिवस जास्त घातक ठरतो. या एका मुद्द्यावर सेवेला गुण कमीच द्यावे लागतात.

पाण्याच्या बाबतीत तर सोलापूरकराने सोलापूरचा पाऊस बघूच नये. शहराची तहान उजनी धरणावर, आणि उजनी भरते पुणे जिल्ह्यातल्या घाटांवर. म्हणून बघायचा तो दौंडचा विसर्ग. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी पूर्ण दिवस आलं की एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) होतो, हा आकडा पाठ असावा. दौंडला ५०,००० चालू असतील तर दिवसाला सव्वाचार टीएमसी येतात. आता 'उजनी उणे ५० टक्के' या मथळ्याचं भाषांतर. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यात उपयुक्त साडेत्रेपन्न, उरलेला सुमारे साडेत्रेसष्ट मृतसाठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातूनही पावणेसत्तावीस टीएमसी उपसले, तरी धरणात ३७ च्या आसपास शिल्लक. घाबरवणारे म्हणतात धरण संपलं, शंका घेणारे म्हणतात 'पाणी दिसतंय की!' दोघांचंही अर्धंच खरं. पाणी आहे, पण त्यात गाळ आहे, ते कालव्याच्या दारापेक्षा खाली आहे आणि उचलायला पंप लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० च्याही खाली गेलं होतं. पंढरपूरच्या पुरासाठी मात्र उजनी एकटी पुरत नाही. वीर धरणातून नीरेत किती सोडलंय तेही बघा, कारण नीरा-नरसिंहपूरला दोन्ही पाणी एकत्र येतात.

मान्सूनचं दीर्घकालीन अनुमान एप्रिलच्या मध्यात आणि मेअखेर येतं. १०० टक्के म्हणजे देशभरात जून ते सप्टेंबर ८७ सेंटिमीटर, आणि ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सामान्य'. प्रगतिपुस्तक संमिश्र आहे. २००२ मध्ये सांगितला १०१, पडला ८१. २००९ मध्ये एप्रिलला ९६ म्हणाले, पडला ७८. २०१९ मध्ये ९६ सांगितला, पडला ११०. अलीकडे मात्र सुधारणा दिसते: २०२३ ला ९६ विरुद्ध ९४, २०२४ ला १०६ विरुद्ध १०८. देशाचा आकडा जुळला तरी सोलापूरला त्यातून काय? २०२३ मध्ये देशात ९४ टक्के पाऊस होऊनही करमाळा, माढा, बार्शी, माळशिरस आणि सांगोला हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. एप्रिलचं अनुमान धान्याचे भाव आणि सरकारी धोरण यांच्या कामाचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला ते निरुपयोगी आहे, त्याचा सगळा खेळ सप्टेंबरच्या ओलीवर.

कृत्रिम पावसाबद्दल थोडक्यात, कारण तो प्रयोग इथलाच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात विमानातून कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या ढगांत जाळल्या. काही ढगांवर बीजारोपण, काही मुद्दाम तसेच सोडलेले, आणि मग तुलना. पावसात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. 'विमानं फिरवून पाऊस पळवला' म्हणणाऱ्यांनी आणि 'विमान आणा, दुष्काळ संपवा' म्हणणाऱ्यांनीही हा आकडा बघावा. ढग असेल तरच, आणि जो पडणार होता त्यात पाचवा हिस्साही भर नाही.

राहिली सर्वांत मोठी सेवा: हवामानबदलाची भाकितं. इथे अविश्वासाला खाद्य पुरवणारी उदाहरणं खरी आहेत आणि ती झाकण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं वाक्य गेलं. त्याला तपासलेला शास्त्रीय आधार नव्हता आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला ते मागे घ्यावं लागलं. २०१३ च्या सुमारास उन्हाळ्यात उत्तर ध्रुवीय समुद्र बर्फमुक्त होईल असं काहींनी सांगितलं, झालं नाही. २०१२ च्या सप्टेंबरातला सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरचा नीचांक अजून मोडलेला नाही. २०१८ च्या अहवालानंतर 'जगाकडे बारा वर्षं उरली' असे मथळे आले. अहवालातलं विधान वेगळं होतं: तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावं लागेल. 'तर'ने सुरू होणारं वाक्य मथळ्यात आलं की 'तर' गळतो.

आता मूळ माल बघा. त्याच समितीने १९९० मध्ये उत्सर्जन वाढतच राहिल्यास दर दशकाला ०.३ अंश वाढ सांगितली होती, पल्ला ०.२ ते ०.५. प्रत्यक्षात ती ०.२ च्या आसपास झाली. म्हणजे मधला आकडा जास्त निघाला, पण दिशा आणि पल्ल्याची खालची कड बरोबर. १९७० ते २००७ दरम्यानची १७ भाकितं तपासणारा अभ्यास २०१९ च्या अखेरीस आला. दहा भाकितं प्रत्यक्ष नोंदींशी जुळली, आणि उत्सर्जन गृहीत धरल्यापेक्षा कमी-जास्त झालं त्याची वजावट केल्यावर चौदा. मान्सूनच्या अनुमानापेक्षा हे प्रगतिपुस्तक चांगलं आहे. ज्याला उद्याचं नीट येत नाही त्याला शतकाचं कसं येतं, याचं उत्तरही इथेच आहे. उद्याचा पाऊस ठरतो तो आज कोणता ढग कुठे आहे यावर, त्यातली छोटी चूक आठवड्यात मोठी होते. शतकाचं तापमान ठरतं ते पृथ्वीवर किती ऊर्जा येते आणि किती बाहेर जाते यावर. मे महिन्यातल्या २३ तारखेचं सांगता येत नसलं, तरी मे महिना डिसेंबरपेक्षा तापणार हे सांगायला ढगाचा ठावठिकाणा लागत नाही.

पण पावसाच्या शतकी भाकितांवर सोलापूरकराने हात राखूनच विश्वास ठेवावा. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ दरम्यान भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. मॉडेल्स मान्सून वाढेल म्हणत होती, तर १९५१ ते २०१५ मध्ये तो सुमारे ६ टक्क्यांनी घटला. धूर आणि धुळीच्या बारीक कणांनी ऊन अडवलं, हे त्यामागचं एक कारण दिलं जातं. मध्य भारतात एका दिवसात १५० मिमीहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना मात्र याच सुमाराच्या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. जिल्हा पातळीवर '२०५० मध्ये सोलापूरचा पाऊस इतके टक्के' असा नेमका आकडा कुणी विकत असेल तर तो घेऊ नका, त्या जाळीचे चौकोन जिल्ह्यासाठी फार मोठे असतात. तापमान आणि कोसळत्या सरींचं भाकीत मात्र विहिरीचं पुनर्भरण, शेततळ्याचा सांडवा आणि पत्र्याला पांढरा रंग या खर्चांसाठी पुरेसं आहे. शेततळ्याला सांडवा काढताना सरासरी पाऊस धरू नका, एका दिवसाचे १५० मिमी धरा. एक एकर पाणलोटावर तेवढा पाऊस म्हणजे सुमारे सहा लाख लिटर. चिबाडलेल्या काळ्या मातीवरून त्यातलं बरंच पाणी तासाभरात वाहत येतं आणि सांडवा अरुंद असेल तर बांधच घेऊन जातं.

कुठलाही घाबरवणारा मथळा तपासायला चार गोष्टी बघाव्यात: जागा कोणती, मुदत कोणती, आकडा किती आणि अट काय. अट गाळली असेल तर मूळ अहवालाचा सारांश उघडा, तिथे ती सापडते. आकड्याबरोबर कमी-जास्तीचा पल्ला दिला नसेल तर बातमी कच्ची समजा. 'सर्वांत वाईट परिस्थितीत' हे शब्द असतील, तर तो आकडा प्रचंड कोळसा जाळत राहण्याचं गृहीतक धरून काढलेला आहे. शतकाअखेर भारताचं तापमान ४.४ अंशांनी वाढेल हा गाजलेला आकडा याच जातीचा. शक्यतेच्या यादीत तो आहे, पण यादीच्या टोकाला.

किमतीचं म्हणाल तर मेघदूत, दामिनी, खात्याचं 'मौसम' ॲप आणि महारेन सगळं फुकट. ग्रामपंचायतनिहाय अंदाज २०२४ च्या ऑक्टोबरपासून 'मेरी पंचायत' ॲपवर मिळतो, तोही फुकट. मात्र जाळीची मर्यादा त्यालाही लागू, नावापुढे गाव आलं म्हणून अंदाज गावाचा होत नाही. जिल्हा पातळीवरचे १९९ कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद झाल्यापासून तालुक्याच्या भाषेतला सल्ला पातळ झाला आहे, ही उणीव कोणतंही ॲप भरून काढत नाही. विंडीची सशुल्क आवृत्ती तीन तासांऐवजी तासातासाचं चित्र दाखवते, पण मॉडेलची पावसातली चूक त्याने कमी होत नाही. त्यापेक्षा तेच पैसे चांगल्या पर्जन्यमापकावर घाला. घेताना तोंडाची कड धारदार आणि नळी काचेची आहे का बघा. प्लास्टिकची नळी सोलापूरच्या उन्हात वर्षभरात पिवळी पडते आणि मिलिमीटरच्या खुणा दिसेनाशा होतात.